गोळी एकासाठी, परिणाम भलतीकडेच: तुमचे अनुभव लिहा

आधी माझंच लिहून टाकते, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल. मला अ‍ॅसिडिटी जुनी. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेली कॅप्सूल मी संपली की परत आण, संपली की परत आण, असं करत आठ-नऊ महिने घेतली. एक दिवस कपडे बदलताना ब्राला आतून डाग दिसला, पिवळट, वाळून कडक झालेला. वाटलं घाम असेल. दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना दाबून बघितलं तर दोन्ही बाजूंनी दूध. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे! पाळीही चुकलेली, म्हणून प्रेग्नन्सी टेस्ट केली, निगेटिव्ह. मग रात्रभर डोक्यात फक्त कॅन्सर, नवऱ्यालाही सांगितलं नाही.

डॉक्टरबाईंनी पहिलंच विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? मी म्हटलं, काहीच नाही. अ‍ॅसिडिटीच्या गोळीला कोण गोळी म्हणतं? प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, आलं चौपट. मग पर्समधली पट्टी निघाली आणि कळलं की त्या कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोलबरोबर मळमळीवरचं डॉम्पेरिडोन होतं. एरवी मेंदूतलं डोपामाइन हे रसायन प्रोलॅक्टिनला लगाम घालून ठेवतं, हे औषध तो लगामच सोडतं, मग शरीराला वाटतं बाळ अंगावर पितंय, दूध येतं आणि पाळी थांबते. थायरॉइड कमी असलं तरी प्रोलॅक्टिन वाढतं म्हणून तेही तपासलं, ठीक होतं. कॅप्सूल बंद केली, तीनेक आठवड्यांत दूध थांबलं, पुढच्या महिन्यात पाळी आली. काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनीही असं होतं, पण त्या कुणी मनाने बंद करू नका हं, आधी डॉक्टरांशी बोला.

*

पुरुषांनी लिहिलेलं चालेल ना? जिममधल्या एकाच्या नादाने वर्षभर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली, दंड फुगले, फोटो भारी आले, लग्न झालं. मूल होईना तेव्हा सगळ्या तपासण्या बायकोच्या, रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्सरे, त्यात तर ती कळवळली होती आणि मी बाहेर मोबाइल बघत बसलेलो. माझी वीर्यतपासणी सगळ्यात शेवटी. शुक्राणू शून्य. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूकडून एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स, येणं बंद होतं, वृषणांना कामच उरत नाही, आणि हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, पुरुषी हार्मोन म्हणजे उलट वाढेलच असं डोक्यात. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीचेक महिने लागतात, पण माझे परत दिसायला इंजेक्शन बंद केल्यावर ११ महिने गेले. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनमधून इस्ट्रोजेनही तयार होतं, त्याने छातीत गाठ आली ती अजून आहे. शर्ट सैल घालतो. बायकोची माफी मागून झालीय, तरी तो एक्सरे आठवला की ती गप्प होते.

*

माझं छोटंच. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि केस पुंजक्या-पुंजक्याने यायला लागले, बाथरूमची जाळी रोज तुंबायची. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे एरवी गळणारे केसही टिकून राहतात, ते मग थकबाकी वसूल केल्यासारखे एकदम जातात. वर्षाच्या आत परत आले, कपाळावर तारेसारखे उभे. पण एक सांगायचंय, एकदा बाळ काही केल्या रडायचं थांबेना, मोजा काढला तर माझा एक केस त्याच्या पायाच्या बोटाला गच्च गुंडाळलेला, बोट लालबुंद. मोजे उलटे करून बघत जा गं.

*

वरच्या ताईंसारखंच गळत होतं म्हणून मी बायोटिन, केसांसाठी घेतात ते व्हिटॅमिन, सुरू केलं, आपल्याच मनाने. माझी थायरॉइडची गोळी आधीपासून चालू. काही लॅबच्या तपासणीत बायोटिनमुळे टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) खोटं कमी दिसतं, माझंही दिसलं, गोळी जास्त होतेय असं वाटून डोस कमी झाला, आणि मग थकवा वाढला, पाळी जास्त जायला लागली, केस तर अजूनच गेले. केसांची गोळी घेऊन केस घालवले मी!

*

आमच्याकडे सासऱ्यांना प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड, ५ मिलिग्रॅम. धाकट्या दिराला टक्कल पडू नये म्हणून तेच औषध १ मिलिग्रॅमचं. तर हा हुशार वडिलांचीच गोळी सुरीने तुकडे करून घ्यायचा, आणि तो चुरा ओट्यावर, आणि ओटा पुसणार मी, सहा महिन्यांची गरोदर! पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून गरोदर बाईने त्या फुटक्या गोळीला हात लावायचा नसतो, पाकिटातल्या कागदावर छापलेलं असतं, वाचतो कोण. सुदैवाने काही झालं नाही. या औषधाने पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा, साधारण निम्मा दिसतो, तेव्हा सासऱ्यांची तपासणी करताना तेही सांगावं लागतं. दीर आता स्वतःची वेगळी पट्टी आणतो. मिनिटाला आरशात बघतो ते वेगळंच.

*

स्तनाच्या कॅन्सरनंतर तो परत येऊ नये म्हणून देतात त्या टॅमॉक्सिफेन गोळीचं माझं चौथं वर्ष. रात्री अंगातून वाफा निघतात, केमोनंतर आलेले केस विरळच राहिले. मध्यंतरी फार उदास वाटायचं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी पॅरोक्सेटिन, नैराश्यावरची गोळी, दिलं, आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि बदलून घ्यायला लावलं, कारण त्याने टॅमॉक्सिफेनचं काम कमी होतं. दोघांना एकमेकांचा कागद मी दाखवलाच नव्हता, चूक माझी. पाळी गेल्यावर परत डाग दिसला तेव्हा मात्र त्याच दिवशी गेले, या गोळीने गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ शकतं. सोनोग्राफी झाली, पिशवीतला तुकडा तपासला, साधं निघालं.

*

विचारू का? मुलगा १३ वर्षांचा, एका बाजूला निपलखाली गाठ, दुखते म्हणतो. गोळी कुठलीच नाही. पोहायला जाणं बंद केलंय त्याने.

*

अहो, माझ्या मुलालाही होती. वयात येताना हार्मोन वरखाली होतात तेव्हा बऱ्याच मुलांना होते, आमची दीड वर्षात गेली. एकदा डॉक्टरांना दाखवून या. आणि टी-शर्ट घालून पोहू दे म्हणावं, आमचा तसाच जायचा.