ग्रँड नदीकाठची जमीन आणि 'सिक्स नेशन्स'च्या दोन परिषदा: अधिकृत कोणती मानायची?

प्रश्न: नदीकाठचा अभियंता

मी ऑन्टारिओतील किचनर येथे एका सल्लागार कंपनीत स्थापत्य अभियंता आहे. ब्रँटफर्डच्या बाजूला होणाऱ्या एका नव्या वसाहतीच्या पाण्याच्या व सांडपाण्याच्या वाहिन्यांचे आराखडे सध्या माझ्याकडे आहेत. खोदकामाआधी जमिनीची पुरातत्त्वीय पाहणी होते आणि त्या वेळी स्थानिक आदिवासी समाजाचे निरीक्षक हजर राहतात, एवढे मला ठाऊक होते. या वेळी मात्र एकाच सिक्स नेशन्स समाजाच्या नावाने दोन निरनिराळी पत्रे आली. एक पत्र निवडून आलेल्या परिषदेच्या जमीन विभागाचे आहे, तर दुसरे हॉडेनोशोनी कॉन्फेडरसीच्या, म्हणजे सहा राष्ट्रांच्या पारंपरिक संघाच्या, प्रमुखांच्या परिषदेने स्थापन केलेल्या विकास संस्थेचे. आपल्याशी सल्लामसलत झाल्याखेरीज काम पुढे नेऊ नये, असे दोघांचेही म्हणणे आहे.

वॉटर्लू विद्यापीठात शिकत असताना प्रत्येक समारंभाच्या आरंभी 'हे विद्यापीठ हाल्डिमंड भूभागावर, म्हणजे ग्रँड नदीच्या दोन्ही काठांवरील सहा-सहा मैलांच्या पट्ट्यात वसले आहे' असे निवेदन ऐकले होते, परंतु त्या पट्ट्याबद्दल आज कोणाचा शब्द चालतो, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. निवडणूक होऊन प्रमुख आणि सदस्य निवडले जात असतील, तर दुसऱ्या परिषदेला अधिकार कुठून आला? आणि माझ्यासारख्याने पत्राचे उत्तर कोणाला द्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: हॅमिल्टनकर

दुसऱ्या परिषदेला अधिकार कुठून आला, असे आपण विचारले आहे, पण इतिहासाच्या क्रमाने पाहिले तर पहिली कोणती व दुसरी कोणती हेच उलट होते. मोहॉक, ओनायडा, ऑनोन्डागा, कायुगा, सेनेका आणि अठराव्या शतकात त्यांना येऊन मिळालेले टस्करोरा अशा सहा राष्ट्रांचा हा संघ युरोपीय लोकांशी करार करू लागला, तेव्हा कॅनडा नावाचे राज्य अस्तित्वातच नव्हते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यांच्यापैकी अनेकांनी ब्रिटिशांची बाजू घेतली आणि आपली मूळ भूमी गमावली. तिच्या बदल्यात गव्हर्नर फ्रेडरिक हाल्डिमंड यांनी २५ ऑक्टोबर १७८४ रोजी नदीच्या मुखापासून उगमापर्यंत दोन्ही काठांवरील सहा मैलांचा पट्टा त्यांना दिला. तो सुमारे साडेनऊ लाख एकर होता. आज त्यातील पाच टक्क्यांहूनही कमी जमीन त्यांच्याकडे उरली आहे. मधली जमीन विकली कोणी, पैसे गेले कुठे, आणि समाजाच्या विश्वस्त निधीतील रक्कम ग्रँड नदीवरील जलवाहतूक कंपनीत गुंतवून बुडवली कशी, हा वाद अजून न्यायालयात आहे.

१९२४ पर्यंत या समाजाचा कारभार ओश्वेकन गावातील सभागृहात बसणारी कॉन्फेडरसीची परिषद पाहत असे. तिच्यातील प्रमुखपदे पन्नास. या पदांना सरसकट वंशपरंपरागत म्हटले जाते, परंतु बापामागून मुलगा अशी ही व्यवस्था नव्हे. पद आईच्या कुळात राहते, त्यावर कोणी बसायचे हे त्या कुळाची कुलमाता कुळातील लोकांचा कौल घेऊन ठरवते, आणि प्रमुख चुकीचा वागला तर त्याला ताकीद देऊन शेवटी पदावरून उतरवण्याचा अधिकारही तिचाच असतो. पदाची खूण म्हणजे हरणाची शिंगे. ती तीच चढवते आणि तीच उतरवते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओटावाशी, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारशी, तंटा वाढला. लेव्हाय जनरल हे कायुगा प्रमुख 'डेस्कहे' या पदनामाने १९२३ मध्ये जिनिव्हाला गेले आणि आमचे राष्ट्र स्वतंत्र आहे, आमची तक्रार ऐका, असा अर्ज त्यांनी राष्ट्रसंघापुढे ठेवला. इराण, आयर्लंड, एस्टोनिया आणि पनामा यांनी त्यांची बाजू उचलून धरली होती. ब्रिटनने तो विषय पटलावर येऊ दिला नाही. इकडे कॅनडा सरकारने कर्नल अँड्र्यू थॉम्पसन यांच्याकडून चौकशी करवली, १७ सप्टेंबर १९२४ रोजी 'इंडियन ॲक्ट' या आदिवासींविषयीच्या केंद्रीय कायद्याखालील निवडणूक पद्धत लागू करणारा हुकूम काढला, आणि ७ ऑक्टोबरला सरकारी अधीक्षकाने माउंटेड पोलिसांसह सभागृहात येऊन जुनी परिषद बरखास्त झाल्याचे वाचून दाखवले. परिषदेचे वॅम्पम पट्टे, म्हणजे करारांची स्मृती जपणारे मण्यांचे पट्टे, पोलिसांनी नेले. दोन आठवड्यांत, २१ ऑक्टोबरला, पहिली निवडणूक झाली. डेस्कहे पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील टस्करोरा वस्तीत वारले.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण ती बरेचदा गाळली जाते. निवडणूक केवळ बाहेरून आली असे नाही. समाजातीलच काही गट, त्यांत पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिकही होते, जुन्या परिषदेच्या कारभारावर नाराज होते आणि त्यांनी निवडणुकीची मागणी आधीपासून केली होती. सरकारने त्या मागणीचा उपयोग करून घेतला, पण मागणी खोटी नव्हती.

उत्तर: स्पष्टवक्ता

इतिहास रंजक आहे, पण विचारणाऱ्याला काम पुढे न्यायचे आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच याच समाजाच्या खटल्यात निवडून आलेल्या परिषदेच्या बाजूने निकाल दिला आहे. शिवाय एकीकडे मतपेटीतून आलेले लोक आणि दुसरीकडे कुळाने नेमलेले लोक, यांत निवड करायची तर लोकशाही मानणाऱ्याला अडचण कसली? आपल्याकडे जातपंचायतींनी काय केले ते आपण पाहिले आहे. कुळाची सत्ता परंपरेच्या नावाखाली मिरवू लागली की मला तरी शंका येते.

उत्तर: वैजयंती, ब्रँटफर्ड

स्पष्टवक्ता यांच्या शंकेमागची भावना मी समजू शकते, परंतु जातपंचायतीचे उदाहरण येथे लागू पडत नाही, आणि त्याचे कारण १९२४ च्या त्या मतपेटीतच आहे. 'इंडियन ॲक्ट'ने आणलेल्या निवडणुकीत मत फक्त पुरुषांना होते. ज्या कुलमाता प्रमुखाला बसवत आणि उतरवत, त्यांना नव्या 'लोकशाही'त साधे मतही देता येईना. समाजाच्या परिषदेसाठी मतदान करण्याचा हक्क स्त्रियांना मिळाला तो १९५१ च्या दुरुस्तीने. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २००१ मध्ये, रॉबर्टा जेमिसन या पहिल्या स्त्री निर्वाचित प्रमुख झाल्या. त्या ऑन्टारिओ प्रांताच्या लोकपाल राहिलेल्या नामवंत कायदेतज्ज्ञ. पुढे अवा हिल आल्या, आणि २०२३ मध्ये शेरी-लिन हिल निवडून आल्या. म्हणजे या खुर्चीवर आता स्त्रिया सहज बसतात, पण सुरुवातीला ही खुर्ची त्यांचा अधिकार काढून घेऊन मांडली गेली, हे ओश्वेकनमध्ये कोणी विसरलेले नाही.

मी औषधविक्रेती आहे आणि माझ्या दुकानात रिझर्व्हवरील, म्हणजे या समाजाच्या राखीव भूभागावरील, अनेक कुटुंबे येतात, त्यामुळे परिषद रोजच्या जगण्यात काय करते ते थोडे जवळून पाहायला मिळते. रस्ते, बर्फ हटवणे, अग्निशमन, आरोग्यसेवा, घरकुले, जलशुद्धीकरण केंद्र, समाजकल्याण, हे सगळे निर्वाचित प्रमुख व नऊ सदस्यांच्या परिषदेकडे आहे. शाळा मात्र अजून फेडरल सरकार थेट चालवते, ही गोष्ट कॅनडात आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. केंद्र असूनही अनेक घरांपर्यंत नळ पोचलेला नाही आणि लोक विहिरीवर किंवा टँकरच्या पाण्यावर भागवतात. तेव्हा सदस्याकडे येणारे गाऱ्हाणे पाण्याचे, खड्ड्यांचे आणि घराच्या दुरुस्तीचे असते, अगदी आपल्याकडच्या नगरसेवकाला ऐकावे लागते तसेच.

माझ्याकडे येणाऱ्या एक आजी आहेत. परिषदेच्या आरोग्य केंद्रातून आलेली औषधाची चिठ्ठी त्या पर्समधून काढून ठेवतात आणि त्याच दमात सांगतात की, या परिषदेसाठी त्यांनी जन्मात कधी मत दिलेले नाही व देणारही नाहीत. मला पूर्वी ही विसंगती वाटे. त्यांच्या दृष्टीने ती नाही. चिठ्ठी घेणे म्हणजे सेवा घेणे. मत देणे म्हणजे १९२४ चा हुकूम मान्य करणे. येथे मतदान कमी होते त्यामागे आळस नसून असा विचारपूर्वक नकारही असतो, आणि कॅनडाच्या लोकसभेसाठी मत देण्यालाही अनेकजण याच कारणाने नकार देतात. आता अशा ठिकाणी मतांची टक्केवारी पाहून कोणाला किती पाठिंबा आहे हे कसे मोजणार?

उत्तर: हॅमिल्टनकर

वैजयंतीताईंनी नेमके सांगितले. १९७७ च्या निकालाबद्दल एवढेच जोडतो की, त्या खटल्यात जुन्या परिषदेची बाजू पहिल्या न्यायालयात जिंकली होती आणि अपिलात हरली. निकालाने कायद्याचा प्रश्न सुटला, समाजाचा सुटला नाही. त्याआधी १९५९ च्या मार्चमध्ये जुन्या परिषदेच्या समर्थकांनी ओश्वेकनचे सभागृह ताब्यात घेतले होते, आणि आठवडाभराने पोलिसांनी पहाटेच्या अंधारात शिरून ते रिकामे केले. इतकी वर्षे लोटली तरी ती परिषद बसतेच आहे.

आपल्या कामाच्या दृष्टीने दोन प्रसंग जास्त उपयोगी पडतील. कॅलिडोनिया गावी २००६ मध्ये एका वसाहतीची जागा आंदोलकांनी अडवली. पोलिसांची कारवाई उलटली, महामार्ग बंद पडला, आणि शेवटी प्रांत सरकारला ती जागा बिल्डरकडून विकत घ्यावी लागली. त्या वेळी निर्वाचित परिषदेनेच ठराव करून जमिनीच्या वाटाघाटींची सूत्रे कॉन्फेडरसीकडे दिली, कारण लोक कोणाचे ऐकतील हे तिला दिसत होते. दुसरा प्रसंग त्याच गावचा. २०१९ मध्ये निर्वाचित परिषदेने एका नव्या वसाहतीबाबत बिल्डरशी समझोता केला. त्यात सुमारे बेचाळीस एकर जमीन आणि साडेतीन लाख डॉलर समाजाला मिळायचे होते. कागद पक्का, सह्या झालेल्या. तरीही २०२० च्या जुलैत लोक त्या जागेवर जाऊन बसले, न्यायालयाचे मनाई हुकूम येऊनही उठले नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्यात बिल्डरने प्रकल्प सोडला. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर कॉन्फेडरसीच्या परिषदेने संपूर्ण हाल्डिमंड पट्ट्यातील बांधकामांना स्थगिती जाहीर केली. कॅनडाचा कायदा ती स्थगिती मानत नाही, पण विमा कंपन्या आणि बँका तिच्याकडे पाहत नसतील असे मला वाटत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. ब्रँटफर्ड शहराने बांधकामे अडवणाऱ्यांविरुद्ध २०१० मध्ये न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला आणि तो अपिलातही टिकला. आणि निर्वाचित परिषदेला ओटावाचे बाहुले ठरवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, हरवलेल्या जमिनीचा व पैशाचा हिशेब मागणारा मोठा दावा १९९५ मध्ये कॅनडा आणि ऑन्टारिओ या दोघांवर तिनेच दाखल केला. आदिवासींच्या हक्कांसाठी वकील लावायला पैसे गोळा करणे १९२७ पासून १९५१ पर्यंत कॅनडात गुन्हा होता. न्यायालयाचे दार उघडायला इतका उशीर झाला, त्यात या बंदीचाही वाटा आहे.

उत्तर: स्पष्टवक्ता

जातपंचायतीचा मुद्दा मी बाजूला ठेवतो. तरीही माझे म्हणणे कायम आहे की, बिल्डरने किंवा अभियंत्याने समाजाच्या अंतर्गत वादात न्यायाधीश होऊ नये. त्यांच्यात कोण खरे हे आपण ठरवायचे नाही.

प्रतिसाद: नदीकाठचा अभियंता

सर्वांचे आभार. स्पष्टवक्ता यांचे शेवटचे वाक्य पटले, पण नेमके त्यामुळेच एकाला उत्तर देऊन दुसऱ्याला वगळणे मला अवघड वाटते, कारण तेही ठरवणेच झाले. आमच्या कंपनीतील काही जणांचे मत 'ज्यांना कायद्याची मान्यता त्यांचीच सही घ्या आणि मोकळे व्हा' असे आहे. शिवाय सल्लामसलतीची जबाबदारी मुळात सरकारची असताना ती आमच्या गळ्यात का, हेही कळत नाही.

उत्तर: हॅमिल्टनकर

जबाबदारी सरकारचीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हायडा राष्ट्राच्या खटल्यात ते स्पष्ट केले, मात्र प्रक्रियेतील कामे सरकार प्रकल्प करणाऱ्याकडे सोपवू शकते असेही म्हटले. आपल्याकडे आलेली पत्रे त्या सोपवलेल्या कामाचा भाग आहेत. म्हणून पहिले पत्र नगरपालिकेला आणि प्रांताच्या संबंधित खात्याला लिहा, व कोणती कामे आपल्याकडे आहेत हे लेखी मागवून घ्या.

त्यानंतर दोन्ही परिषदांना एकाच दिवशी, एकाच मजकुराची सूचना पाठवा, नकाशा आणि पाहणीचे वेळापत्रक जोडा. निरीक्षकांच्या मानधनाचे करार दोघांशी वेगवेगळे करावे लागतील आणि खर्च दुप्पट होईल. तो अंदाजपत्रकात आत्ताच धरा. एकाशी झालेला करार दुसऱ्याच्या संमतीचा पुरावा म्हणून कुठेही मांडू नका, २०१९ च्या समझोत्याची गत तशीच झाली. तसेच हेगर्सव्हिलजवळच्या मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट या समाजाकडूनही पत्र येण्याची तयारी ठेवा. हाल्डिमंड यांनी जो पट्टा दिला, तो त्याआधी १७८४ मध्येच ब्रिटिशांनी मिसिसॉगांकडून घेतला होता, आणि पाहणीच्या वेळी त्यांचेही निरीक्षक येतात.

उत्तर: वैजयंती, ब्रँटफर्ड

एक लहानशी भर. शक्य असेल तर पत्रावर न थांबता दोन्ही कार्यालयांत स्वतः जाऊन या. आणि खोदकामात काही सापडले तर ज्या क्षणी सापडेल त्याच क्षणी दोघांनाही फोन करा, अहवाल तयार होण्याची वाट पाहू नका. माझ्या दुकानात ऐकू येणाऱ्या तक्रारींत 'आम्हाला वर्तमानपत्रातून कळले' ही सर्वांत कडवट असते.