शिकवलेलं मागे घ्यावं लागलं तेव्हा… तुमचे अनुभव सांगा

संडे स्कूल, बायबल स्टडी, दृढीकरणाचा वर्ग (मोठी झालेली मुलं स्वतःचा विश्वास मंडळीसमोर कबूल करतात त्याची तयारी) नाहीतर घरी आपलीच पोरं, कुठेही ख्रिस्ती विश्वास शिकवणाऱ्यांसाठी हा धागा. विचारायचं एवढंच, की ठासून शिकवलेलं काही चुकीचं निघालं तेव्हा तुम्ही काय केलंत?

सुरुवात मी करते. "जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो" हे बायबलमधलं वचन आहे असं मी कित्येक वर्षं वर्गात सांगायचे. एकदा एका मुलाने विचारलं, टीचर अध्याय कुठला? घरी येऊन नीतिसूत्रं चाळली, स्तोत्रं चाळली, कुठेच नाही, कारण ती नुसती म्हण आहे, आणि रोम ५:६ मध्ये तर उलटच आहे, आपण दुर्बळ होतो तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. पुढच्या रविवारी वर्गासमोर तसं सांगितलं. आता मुलं प्रत्येक गोष्टीला अध्याय आणि वचन विचारतात आणि मला ते मनापासून आवडतं. बिरुया गावचे लोक प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्र उघडून पडताळायचे, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय.

•

मला मागे घ्यायला सहा वर्षं लागली. तरुण संघात एक मुलगी होती, तिचे वडील खूप आजारी, आणि मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो की तुझा विश्वास पक्का असेल तर बाबा बरे होणारच. मनापासून बोललो होतो, खोटं बोलायचं नव्हतं. बाबा गेले. ती यायची बंद झाली आणि आम्ही म्हणत राहिलो की विश्वासात थंड पडली. मग एकदा योहान ९ शिकवायची तयारी करत होतो, जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी, आणि येशू म्हणतो कोणीच नाही. तिथेच अडकलो. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे त्याला छळणाऱ्या त्रासासाठी, देवाला तीनदा विनंती केली तरी तो निघाला नाही, सोबतच्या त्रफिमाला तर तो आजारी असतानाच मिलेतात ठेवून आला (२ तीमथ्य ४:२०), मग पौलाचा विश्वास कमी होता का? हे सगळं मी आधीही वाचलेलं होतं हो, पण शिकवताना सोयीचं तेवढंच घेतलं. तिला शोधून भेटलो, म्हटलं ताई, मी तुला चुकीचं शिकवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, बाबा माझ्यामुळे गेले असंच मला वाटत होतं इतकी वर्षं. प्रार्थनेने बरं होतं यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे आणि मी आजही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. फक्त देवाच्या वतीने शब्द देत नाही.

•

मी मुलांना डोळे मिटायला सांगून "येशूला कोण स्वीकारणार, हात वर करा" असं करायचे. सगळेच करायचे. नंतर एक छोटी म्हणाली, टीचर मी डोळे उघडून बघितलं, सगळ्यांनी केला म्हणून मी पण केला. त्या दिवसापासून बंद. आता सांगते की ज्याला बोलायचंय त्याने एकट्याने येऊन बोला, घाई नाही. येतात कमी, पण जे येतात ते खरंच विचारायला येतात.

•

थोडं वेगळं सांगतो. पाठांतर म्हणजे पोपटपंची असं म्हणून मी प्रश्नोत्तरी (प्रश्न आणि उत्तरं पाठ करून विश्वास शिकायची पद्धत) बंद केली होती, ते मागे घेतलं. हायडेलबर्गची १५६३ ची प्रश्नोत्तरी, १२९ प्रश्न, वर्षाच्या ५२ रविवारांत वाटलेले. पहिलाच प्रश्न, जगताना आणि मरताना तुझं एकमेव सांत्वन काय. उत्तराचा गाभा असा की मी माझा नाही, ख्रिस्ताचा आहे. आईच्या शेवटच्या दिवसांत मला स्वतःचं असं एक वाक्य सुचेना, लहानपणी पाठ केलेलं हेच तोंडात आलं. पाठ करून घ्या, पण समजावून सुद्धा सांगा.

•

माझी चूक दुसऱ्यांनी दाखवली. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा असा एकच देव, हे समजावताना मी पाणी, बर्फ, वाफ असं सांगायचो. मंडळीतल्या एका वयस्कर जोडप्याने घरी बोलावलं, म्हणाले बाळा, तेच पाणी एकदा बर्फ होतं एकदा वाफ, पण येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा उतरतो आणि पिता बोलतो, तिघं एकाच वेळी आहेत ना. बायबलमधल्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याने अपुल्लो नावाच्या उपदेशकाला असंच जवळ घेऊन समजावलं होतं. चारचौघांत बोलले असते तर मी बहुतेक शिकवणंच सोडलं असतं.

•

दुसऱ्या नंबरचा अनुभव दोनदा वाचला. मी पण एकाला असंच बोललोय, त्याच्या बायकोच्या आजारपणात. नंबर आहे माझ्याकडे. आज संध्याकाळी फोन करतोय, प्रार्थनेत असू द्या.