‘मिटिगेशन’साठी मराठीत एकच शब्द वापरावा का? मदत हवी आहे

नमस्कार.

रायगड जिल्ह्यातील आमच्या खाडीकाठच्या गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा मराठीत लिहिण्याचे काम ग्रामपंचायतीने आम्हा चार-पाच जणांकडे दिले आहे. त्याच सुमारास खाडीलगतच्या एका प्रकल्पाच्या जनसुनावणीसाठी पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश गावात आला. दोन्हीकडे ‘मिटिगेशन’साठी ‘सौम्यीकरण’ हा शब्द आहे, परंतु अर्थ एक नाही, आणि सभेत लोकांनी विचारले तेव्हा मला तो नीट सांगता आला नाही.

मला समजले ते असे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम २ मध्ये मिटिगेशन म्हणजे आपत्तीची किंवा येऊ घातलेल्या आपत्तीची जोखीम, आघात किंवा परिणाम कमी करण्यासाठीचे उपाय. आमच्याकडे याचा अर्थ सरळ आहे: उधाणाने खारबांधाला (खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड पडण्याआधीच बांध मजबूत करणे, उघाड्यांची (बांधातील पाणी सोडण्याच्या दारांची) दुरुस्ती, वादळात खांब कोसळू नयेत म्हणून भूमिगत वीजवाहिन्या. माणसे हलवणे, अन्नधान्य पोहोचवणे हा प्रतिसाद झाला. हा भेद पैशातही दिसतो, कारण पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपत्तीच्या निधीचा ८० टक्के भाग प्रतिसादाकडे आणि २० टक्के भाग सौम्यीकरणाकडे ठेवला. म्हणून आराखड्यात एखादे काम कोणत्या शब्दाखाली लिहिले जाते, याला महत्त्व आहे.

हवामान बदलाच्या करारांत मात्र, १९९२ च्या संयुक्त राष्ट्र चौकट करारापासून २०१५ च्या पॅरिस करारापर्यंत, मिटिगेशन म्हणजे हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवणे आणि ते शोषून घेणारी वने व इतर साठे वाढवणे. तेथे आमच्या खारबांधाची उंची वाढवणे हे मिटिगेशन नव्हे, ते अनुकूलन, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे, ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती-जोखीम परिभाषेतही हा शब्द हवामान धोरणात वेगळ्या अर्थाने येतो अशी स्पष्ट नोंद आहे.

तिसरा अर्थ मला सर्वांत अडचणीचा वाटतो. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार अहवालात अपेक्षित परिणाम आणि त्यांवरील मिटिगेशनचे उपाय यांचे प्रकरण असते. येथे धोका निसर्गाकडून येत नाही, तो प्रकल्पच निर्माण करणार असतो. आधी हानी टाळावी, टळत नसेल तर कमी करावी, मग बिघडलेले पूर्ववत करावे आणि उरलेल्याची भरपाई अगदी शेवटी, असा क्रम या क्षेत्रात मानला जातो. आमच्या सारांशात पहिल्या पायरीवर एक वाक्यही नाही. थेट भरपाई लागवड (तोडलेल्या झाडांच्या बदल्यात अन्यत्र रोपे लावणे) आहे, आणि तिलाच सौम्यीकरण म्हटले आहे.

कांदळवनाच्या बाबतीत हा गोंधळ फार टोचतो. आमची तिवरे लाटांचा जोर मोडून बांध राखतात, म्हणून आपत्तीच्या अर्थाने तीच सौम्यीकरण आहेत. चिखलात कार्बन धरून ठेवतात, म्हणून हवामानाच्या अर्थानेही आहेत. आणि ती तोडून अन्यत्र लावलेली रोपेही सौम्यीकरणच! २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत बांधकामात बाधित झालेल्या कांदळवनाच्या तिप्पट क्षेत्रावर भरपाई लागवडीची तरतूद आहे. परंतु दुसऱ्या खाडीत तिप्पट रोपे जगली तरी आमच्या बांधासमोरची जागा उघडीच राहते, आणि हे क्षेत्रफळाच्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

जाणकारांना माझी विनंती तीन गोष्टींची आहे. आपत्तीसाठी ‘सौम्यीकरण’ शासकीय वापरात असल्याने ते तसेच ठेवून हवामानासाठी ‘उत्सर्जन घट’ आणि प्रकल्पांसाठी ‘हानी टाळणे’, ‘हानी कमी करणे’, ‘भरपाई’ असे सुटे शब्द वापरले, तर कायद्याच्या दृष्टीने काही बाधा येते का? ‘उपशमन’ हा शब्दही आढळतो. तो कोणी ठरावीक अर्थाने वापरला आहे का? आणि जनसुनावणीत लेखी हरकत देताना, हानी टाळण्याचा विचार आधी का केला नाही असे विचारण्यासाठी अधिसूचनेतील कोणत्या तरतुदीचा किंवा न्यायालयाच्या कोणत्या निकालाचा आधार घ्यावा? हरकतीचा मसुदा मी लिहायला घेतला आहे. कोणी मराठीत असा मसुदा केला असेल, तर त्यातील शब्दयोजना येथे द्यावी, ही विनंती.