मदत हवी आहे: उर्दू 'धकेलना'ला इंग्रजीत नेमकं काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

आमचे आजोबा निजामाच्या राज्यात, उर्दू माध्यमात शिकले. पत्रं मराठीत लिहायचे, पण रोजनिशी उर्दूत. ती वही मी इंग्रजीत उतरवतेय, कारण नातवंडं-पतवंडं अमेरिकेत. त्यांना ना उर्दू येत ना धड मराठी. बाकी काम बरं चाललंय, 'धकेलना' आलं की अडतं.

प्लॅट्सचा १८८४चा उर्दू-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतो, तो आणि आणखी एकदोन पाहिले. पुश, शव्ह, थ्रस्ट, जॉसल... प्रतिशब्द भरपूर, पण कुठला कुठे बसवायचा?

वाक्यं ही (नागरीत देतेय):

'गाड़ी कीचड़ में फँस गई, चार आदमियों ने धकेल कर निकाली.'

'फाटक खुला तो लोग एक दूसरे को धकेलते हुए अंदर घुसे, हम भी.'

'घर के हालात ने मुझे वकालत में धकेल दिया.'

पहिल्याला पुश चालेल. दुसऱ्यात ते फारच सभ्य वाटतं. तिसऱ्यात शव्ह घातलं तर आजोबांना कुणी बखोट धरून कोर्टात फेकल्यासारखं दिसतं!

शिवाय एके ठिकाणी 'सिपाही ने धक्का दिया' आहे. तेही शव्हच का? आणि वहीत हा शब्द कधी दाल (उर्दूतलं 'द' अक्षर) घालून लिहिलाय, कधी डाल ('ड') घालून. म्हणजे 'धकेलना' आणि 'ढकेलना' वेगळे आहेत का?

प्रतिसाद:
ताई, ध आणि ढ दोन्ही चालतात, अर्थ तोच. आपलं ढकलणं.

'धक्का देना' म्हणजे एकदाच दिलेला हिसका, माणूस जागचा हलेलच असं नाही. 'धकेलना'त तो हलतोच, रेटत नेल्यासारखा. म्हणून शिपायाला 'गेव्ह मी अ शव्ह'. फाटकापाशीही शव्हच घ्या, त्यात दांडगाई आहे. जॉसल म्हणजे गर्दीत कोपरं लागणं, खांदे घासणं. पुढे कुठे 'धक्कम पेल' आलं तर तिथे वापरा. थ्रस्ट नको, ते खुपसल्यासारखं वाटतं.

वकालतीला 'फोर्स्ड मी इनटू'. 'पुश्ड'ही चूक नाही, पण त्यात वडीलधाऱ्यांनी मागे लागून करायला लावल्याची छटा येते. इथे कर्ता परिस्थिती आहे.

आणि 'रेल पेल' दिसलं तर जपून. जत्रेत ती रेटारेटी असते, लग्नातल्या मिठाईची असेल तर आपली रेलचेल.

धागाकर्ती:
खूप आभार! 'हम भी'चं काय करू? 'शव्ह्ड देअर वे इन' लिहिलं तर आजोबा गर्दीतून गळतात.

प्रतिसाद:
वाक्य तिथेच तोडा आणि पुढे 'सो डिड वी' एवढंच ठेवा. त्यांनी स्वल्पविराम देऊन शेवटी टाकलंय, तुम्हीही शेवटीच टाका.