जातीचा दाखला नको, पणजीचं नाव हवंय. कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचं जुनं पुस्तक) बघायला मिळतं का?

उंबरठा: माझी पणजी 1918 च्या मानमोडीत गेली. आजोबा तेव्हा अंगावर पीत होते. सावत्र आईनं वाढवलं. पितरपाठात पान वाढताना आजी 'हे थोरल्या आत्याबाईंचं' म्हणायची, नाव तिलाही ठाऊक नव्हतं.

मागच्या आठवड्यात तहसीलच्या रेकॉर्ड रूमला गेले. (तालुका सांगत नाही, परत जायचंय तिथं.) काही विचारायच्या आत कुणबी नोंदीचा छापील अर्ज पुढं आला. म्हटलं, दाखला नको, नाव बघायचंय. प्रयोजनाच्या रकान्यात 'माहितीसाठी' लिहिलं. "माहितीसाठी कुणी येत नाही ताई," म्हणून अर्ज परत! जातीचं काम नसेल तर ही पुस्तकं बघताच येत नाहीत का?

रिटायर्ड तलाठी: येतात की. साध्या नक्कल अर्जावर नडत असतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कलम 6(2) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही. पण 'पणजीची माहिती मिळावी' असं लिहू नका, 'आढळून येत नाही' असं एका ओळीचं उत्तर येईल. 'मौजे अमुक, गाव नमुना 14, सन 1918' एवढंच लिहा (नमुना 14 म्हणजेच कोतवाल बुक) आणि आधी अवलोकन, म्हणजे पुस्तक समोर बसून बघायला मागा. पान सापडलं की मग नक्कल.

मोडीवेडा: जिल्ह्याच्या संकेतस्थळावर स्कॅन पानं असतात, मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीनंतर बरीच चढवली. पण शोधल्या गेल्या त्या कुणबी नोंदी. तुमच्या घराची जात दुसरी लागली असेल तर तिथं डोकं घालून उपयोग नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराची पानं आधी बघा, साथीचा कहर तेव्हाच होता. मनाची तयारी ठेवा: मी वाचलेल्या पानांत बाईचं नाव क्वचितच. 'अमक्याची बायको, ताप', संपलं.

उंबरठा: म्हणजे सरकारदरबारीही थोरल्या आत्याबाईच!

गोदाकाठ: ताई, आजोबा पहिलटकरणीचे का? मग त्यांचा जन्म पणजीच्या माहेरी झाला असणार आणि नोंदही त्याच गावच्या कोतवालाकडे. तुमच्या गावात शोधून मिळायची नाही. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मगाव लिहिलंय का बघा, माहेराचा धागा तिथून लागेल.

आणि नाशिक-त्र्यंबकला तुमच्यापैकी कुणी अस्थी घेऊन गेलं होतं का? गाव-आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते घाटावर कळतं. त्यांच्या नामावळीत, म्हणजे यजमान घराण्यांच्या नावांच्या वहीत बघा. कोतवालाला नाव नसलं तरी चालायचं, पिंडाला चालत नाही.

उंबरठा: हे डोक्यातच आलं नव्हतं. पणजोबा नाशिकला गेले होते असं चुलतकाका म्हणतात, त्यांना घेऊनच जाते. अर्जही टाकला होता, सोमवारी 11 वाजता अवलोकनाला बोलावलंय. तलाठीकाका, मोबाइलवर फोटो काढू देतील?

रिटायर्ड तलाठी: आधी विचारा, बहुतेक देतात. वही-पेन्सिल मात्र न्याच. आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका, कागद पापडासारखा झालेला असतो.