‘बॉर्डरलाइन’ म्हणजे काठावरचे नव्हे

प्रश्न : ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’साठी ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार’ असा शब्द वाचनात आला. ही सीमा नेमकी कशाची? आणि रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद : १९३८ साली अमेरिकेतील मनोविश्लेषक अडॉल्फ स्टर्न यांनी ज्या रुग्णांना हा शब्द लावला, ते न्यूरोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाचे भान शाबूत असलेल्या आजारांत, बसत नव्हते आणि सायकोसिसमध्ये, म्हणजे ते भान सुटणाऱ्या आजारांतही बसत नव्हते. सीमा होती ती या दोहोंमधली. पुढे १९८० साली अमेरिकेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत हे स्वतंत्र निदान म्हणून दाखल झाले, सीमेची मूळ कल्पना मागे पडली आणि नाव तेवढे चिकटून राहिले.

मराठीतली अडचण वेगळीच आहे. ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द आपल्याकडे आधीच रुळलेला आहे आणि तोही भलत्या अर्थाने : ‘शुगर बॉर्डरलाइनवर आहे’, ‘गणितात बॉर्डरलाइनवर सुटला’. माझ्या मावसबहिणीच्या फाइलवर हे निदान लिहिले गेले, तेव्हा मावशीने फाइल डोळ्यांजवळ नेऊन तो शब्द दोनदा वाचला आणि सुटकेचा निःश्वास टाकून ती म्हणाली, “म्हणजे अजून काठावरच आहे, झालेलं नाही ना?” तिचा हा समज कोणी दूर केला नाही, आणि त्या एका शब्दाच्या भरवशावर उपचार वर्षभर रेंगाळले. ‘सीमावर्ती’ने हा घोळ मिटत नाही, कारण सीमावर्ती म्हटले की मराठी माणसाला बेळगाव-कारवार आठवते, आजार नव्हे.

म्हणून मला ‘भावनिक अस्थिरतेचा व्यक्तिमत्त्व विकार’ हा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणातले नाव याच अर्थाचे होते आणि बॉर्डरलाइन हा त्याचा एक उपप्रकार होता. भावना, नाती आणि ‘मी कोण’ याची जाणीव, असे तिन्ही यात अस्थिर असते. आपल्याला कोणी सोडून जाईल याची अनावर भीती, आत सतत जाणवणारी पोकळी, रागाचा उद्रेक, स्वतःला इजा करून घेणे, आज जो माणूस देव वाटतो तोच उद्या वैरी वाटणे, अशा नऊ लक्षणांपैकी किमान पाच असल्यास निदान करतात. बायपोलरशी मात्र याची गल्लत करू नये. तिथे उन्मादाचा वा नैराश्याचा टप्पा दिवस-आठवडे टिकतो, इथे मनःस्थिती बहुधा काही तासांतच पालटते.

‘विकार’ लिहावे, ‘विकृती’ लिहू नये, असा माझा आग्रह आहे. दोन्ही शब्द एकाच धातूचे असले तरी हृदयविकार म्हणताना कोणी रुग्णाकडे बोट दाखवत नाही, आणि ‘विकृत’ हा शब्द मात्र वृत्तपत्रांनी गुन्हेगारांसाठी राखून ठेवला आहे. ज्या मुलीला आपण मुळातच वाईट आहोत असे आतून वाटत असते, तिच्या हातात ‘व्यक्तिमत्त्व विकृती’ असे लिहिलेला कागद देणे मला क्रूर वाटते.

घरात बोलले जाणारे शब्द तर याहून घातक असतात : नाटकी, आक्रस्ताळी, आईने लाडावून ठेवलेली. मावसबहिणीने पाठवलेल्या निरोपाला वीस मिनिटांत उत्तर आले नाही, तर ताटावरून उठून ती दार लावून घ्यायची आणि मावशी हातात वरणाची वाटी घेऊन दाराबाहेर उभी राहायची. आत जावे तर “मला एकटीला सोड”, परतावे तर “तुलाही मी नकोच आहे”. धरले तर चावते आणि सोडले तर पळते, ही म्हण त्या दारापाशी मला पहिल्यांदा खरी कळली. ते नाटक नव्हते. तिला होणारी वेदना त्या प्रसंगाच्या मानाने कितीतरी मोठी होती, पण खरी होती.

प्रश्न : समुपदेशनात ‘व्हॅलिडेशन’ हा शब्द सारखा येतो. त्याला ‘प्रमाणीकरण’ चालेल का?

प्रतिसाद : अजिबात नाही, प्रमाणीकरण कागदपत्रांचे होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहॅन यांनी याच विकारासाठी विकसित केलेल्या ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ या संवादातून होणाऱ्या उपचारपद्धतीत ही कल्पना मध्यवर्ती आहे, आणि २०११ साली त्यांनी स्वतःच्या तरुणपणातील अशाच यातनांविषयी जाहीरपणे सांगितले होते. मी ‘दखल घेणे’ म्हणेन. दखल घेणे म्हणजे होकार देणे नव्हे, हा फरक मराठीत आपोआप स्पष्ट होतो. “तुझं बरोबर आहे” हा होकार झाला, “एवढी काय चिडतेस” हा नकार झाला, आणि “उत्तर आलं नाही म्हणून तू घाबरलीस” ही दखल झाली. या विकारावर खास असे औषध नाही, मुख्य उपचार संवादातूनच होतो आणि अनेकांची लक्षणे काही वर्षांत लक्षणीयरीत्या ओसरतात. म्हणून घरच्यांच्या तोंडी कोणते वाक्य बसते, याला फार महत्त्व आहे. (कोणी स्वतःला इजा करण्याविषयी बोलत असेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.)

मावशी आता दारापाशी “काय झालं?” असे विचारत नाही. “मी इथे बाहेर बसले आहे” एवढेच म्हणते आणि खरोखर बसून राहते.