जिवाभावाची माणसं, समुद्र आणि कॅमेरा : तुमचे अनुभव लिहा

बडोद्यातल्या मंडळींनो, बालमैत्रिणींना, जुन्या दोस्तांना घेऊन समुद्रावर गेला असाल आणि त्यांचे फोटो काढले असतील, तर काय जमलं, कुठे फसलं, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही सहा जणी, दांडिया बाजारात एकत्र वाढलेल्या. साठी उलटल्यावर पहिल्यांदाच मिळून गणपतीपुळ्याला गेलो. कॅमेरा माझ्याकडे. पहिल्या संध्याकाळी पाच जणींना रांगेत उभं केलं, मागे मावळता सूर्य. आकाश सुरेख आलं, चेहरे मात्र काळेठिक्कर. मन खट्टू झालं. रात्री आठवलं, इथल्या गणपतीला पश्चिमद्वार देवता म्हणतात, कारण तो समुद्राकडे तोंड करून बसलाय. आणि मी मैत्रिणींना नेमकी उलटी पाठ करायला लावली होती. दुसऱ्या दिवशी मीच घोटाभर पाण्यात उतरले आणि म्हटलं, "माझ्याकडे बघू नका गं, सूर्य बघा." त्या बघत राहिल्या. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वाळूत तिचा तोल जातो. शेजारचीने काही न बोलता तिचा दंड धरला. सोनेरी उजेडात तो धरलेला दंड आणि कोपराकडे सरकलेल्या हिरव्या बांगड्या. त्या सहलीतला माझा सगळ्यात लाडका फोटो तोच.

•

रावपुऱ्यातून लिहितोय. आम्ही चौघे कॉलेजपासूनचे, दीवला गेलो होतो. तिथे गंगेश्वरला खडकाच्या कपारीत पाच पिंड्या आहेत, भरतीच्या लाटा थेट त्यांच्यावर येतात. मला लाट आणि मित्र एकाच फोटोत हवे होते. पहिल्या सकाळी ८.३० ला लाटा जोरात, पण मोबाइल खोलीवर राहिलेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पोचलो तर पाणी अजून खाली. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, हे तिथल्या एका खारव्याने सांगितलं. मग पायऱ्यांवर बसून घरून आणलेला लिलो चेवडो काढला. त्या पाऊण तासात जे हसलो, त्याचेच फोटो आज पुन्हा पुन्हा बघतो. एक सांगतो : तुषार लेन्सवर वाळले की मीठ धरतं. कोरड्या रुमालाने घासू नका, ओरखडे पडतात. ओलसर मऊ कापडाने टिपून घ्या.

•

भर उन्हात वाळू आणि पाणी इतकं चमकतं की कॅमेरा फसतो आणि माणसं काळवंडतात. चेहऱ्याला धरून उजेड थोडा वाढवा. आणि दुपारी फोटो काढूच नका, सावलीत पत्ते खेळा.

•

माझे बाबा आणि त्यांचे शाळासोबती, दोघं ऐंशीच्या पुढचे. लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणून जंबुसर तालुक्यातल्या कावी-कंबोईला नेलं. तिथला स्तंभेश्वर महादेव भरतीत पाण्याखाली जातो आणि ओहोटीला पुन्हा दिसतो. खंभातच्या आखाताचं पाणी मातकट, निळाई शोधून सापडत नाही. मला वाटलं, फोटोत काय येणार? पण त्या मातकट रंगावर दोघांचे पांढरे सदरे उठून दिसले. दर्शन घेऊन परतताना मी मागे राहिले. बाबांच्या एका हातात काठी, दुसरा काकांच्या खांद्यावर. "अरे, हळू," बाबा म्हणत होते. काकांनी मोकळ्या हातात चपला धरल्या होत्या, स्वतःच्या आणि बाबांच्याही.